तारलीचा अधिक श्रावण

मी जन्मात मासा खाल्लेला नाही. शिकवला मात्र आयुष्यभर. दरवर्षी आठवीच्या वर्गात फळ्यावर रंगीत खडूंनी मी मासा काढत असे, आणि तो इतका सुबक येई की तपासणीला आलेले साहेब त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेत. कल्ले लाल, यकृत तपकिरी, अंडाशय गुलाबी. त्याचं तोंड नेहमी डावीकडं असे, कारण पुस्तकात तसंच होतं. खरा मासा उजवीकडंही तोंड करू शकतो, हे मला निवृत्तीनंतर कळलं.

आमचं घर लिंगायताचं. काशम्मा, म्हणजे माझी बायको, इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय पाणी घेत नाही आणि घरात अंडं असा शब्दही काढू देत नाही. प्रजननाचा धडा मी जन्मभर जास्वंदीच्या फुलावर भागवला. फूल कुणाला लाजवत नाही. पुंकेसर, स्त्रीकेसर, परागकण, घंटा. पुढचं पोरांनी आपापलं समजून घेतलं असावं.

निवृत्तीनंतर संध्याकाळी आमच्या ओट्यावर गल्लीतली पोरं अभ्यासाला बसू लागली. त्यात शाइस्ता होती, माझ्या शेवटच्या आठवीच्या वर्गातली. तिचे वडील लालसाब मालाचा टेम्पो चालवतात. आठवड्यातून एकदा कोकणात उतरायचं आणि बर्फातला मासा भरून सोलापूरला आणायचा, हा त्यांचा धंदा. एके दिवशी सगळी पोरं उठून गेल्यावर शाइस्ता मागं राहिली.

"सर, आमच्या घरी तारली आणतात न्हवं, तिच्यात कवा कवा गाभोळी निघते, कवा कवा न्हाय. असं का?"

"गाभोळी म्हणजे?"

तिनं माझ्याकडं बघितलं. ज्या माणसानं तिला माशाचं अंडाशय शिकवलं, त्याला गाभोळी ठाऊक नाही, हे तिला पटेना. "सर, पोटातल्या अंड्यांची पिशवी. तुमी गुलाबी काढता ती."

"अच्छा, अच्छा. ते ऋतूवर असतं."

"कुठल्या ऋतूवर?"

शिक्षकाला उत्तर येत नसलं की तो म्हणतो, छान प्रश्न आहे, आपण शोधू. या एका वाक्यावर मी अख्खी नोकरी काढली आहे. त्या दिवशीही मी तेच म्हटलं. फरक एवढाच की या पोरीनं ते खरं धरलं. दुसऱ्या दिवशी ती शाळेतून बातमी घेऊन आली. त्या वर्षीच्या विज्ञान प्रदर्शनात जिल्ह्यात ज्याचा पहिला नंबर येईल, त्याला राज्याच्या प्रदर्शनाला नेणार होते, आणि ते भरणार होतं कोकणात, समुद्रकाठच्या गावी.

"सर, तारलीचं पोट मी किती बी वेळा बघितलंय. तिचं घर एकदा बघायचंय."

तिनं समुद्र पाहिलेला नव्हता. बाप दर आठवड्याला जाऊन येतो आणि लेकीनं समुद्र पाहिलेला नाही, हे मला विचित्र वाटलं. मी लालसाबभाईंना विचारलं.

"तितं काय बघायचं सर? पानी हाय," ते म्हणाले. "लई पानी हाय. अन् वास. टेम्पोत क्लीनर, बर्फ, रातभर जागरन. पोरीला कुटं बसवू? शाळेकडनं जाऊ दे की, मास्तरनीबाईंबरोबर. माझी ना न्हाय."

म्हणजे शाइस्ताच्या समुद्राचा रस्ता माझ्या ओट्यावरून जात होता. मला फार बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की सोलापूर समुद्रापासून किती लांब आहे, याचा मी विचारच केला नाही.

प्रयोग साधा होता. दर महिन्याला बाजारात आलेल्या थोड्या तारल्या घ्यायच्या. आधी अख्खा मासा तोलायचा, मग पोटातली पिशवी काढून ती वेगळी तोलायची. मासा शंभर भाग धरला तर पिशवी किती भाग भरते, ते बघायचं. पिशवी जड होत गेली की समजायचं, बाळंतपण जवळ आलं. हलकी झाली की समजायचं, उरकलं. महिन्यांची ओळ आडवी, वजनाची उभी, आणि मध्ये आलेख. शाइस्तानं प्रकल्पाला नाव दिलं, 'तारली आई कधी होते?' मी ते खोडून 'तारली माशाच्या प्रजननचक्राचा हंगामी अभ्यास' असं केलं. तिनं ते वाचलं, मान डोलावली, आणि वहीच्या पुठ्ठ्यावर 'तारली आई कधी होते?' असंच परत लिहिलं.

अडचण जागेची होती. शाइस्ता म्हणाली, "सर, आमच्या घरी कापू की. अम्मी रोजच कापती." मी नको म्हटलं. प्रयोगाला शिस्त लागते, जागा एकच हवी, काटा हलवायचा नसतो, असं बरंच बोललो. खरं म्हणजे मला माझी गच्ची प्रयोगशाळा म्हणून मिरवायची होती. सराफाच्या ओळखीतून मी एक नाजूक वजनकाटा मिळवला होता, शाळेनं मोडीत काढलेलं भिंग आणलं होतं, आणि जुना पांढरा कोट काशम्माकडून इस्त्री करून घेतला होता.

"कशाला पाहिजे कोट?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. तिनं इस्त्री बाजूला ठेवली. मग अटी सांगू लागली. मासा घरातून जाणार नाही, बाहेरच्या जिन्यानं गच्चीवर चढेल आणि तिथूनच उतरेल. सुरी, ताटली, बादली वेगळी. सोमवारी नाही. उरलेलं मांजराला. आणि मी अंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघराच्या उंबऱ्याकडं बघायचंसुद्धा नाही.

"आणि री," ती म्हणाली. लग्नापासून ती मला कानडीतून अशीच हाक मारते. "श्रावणात नाही म्हणजे नाही."

"श्रावण अजून लांब आहे," मी म्हटलं. तेव्हा जानेवारी होता, गड्ड्याची जत्रा नुकती उठली होती.

पहिल्या दिवशी शाइस्तानं तारली तोलली, पोट उघडलं आणि ताटलीत ठेवली. बोटाहून थोडी लांब, पाठ निळसर, पोट चांदीचं. मी कोट घातला, चष्मा पुसला आणि चिमटा घेऊन वाकलो. मग मला काहीच ओळखता येईना. यकृत जिथं हवं तिथं नव्हतं, आतडं भलतीकडं होतं. मी पुस्तक उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. शाइस्तानं शांतपणे मासा उचलला, उलटा केला आणि ठेवला. आता त्याचं तोंड डावीकडं झालं.

"आता बघा सर. तुमच्या फळ्यासारखा झाला."

खरंच सगळं दिसू लागलं. आतड्याच्या दोन्ही बाजूंना दोन पांढऱ्या लांबट पट्ट्या होत्या. मी आत्मविश्वासानं सांगितलं, "ही चरबी. तारली तेलकट मासा आहे, तिच्यात चरबी असतेच."

"सर, चरबी दोन्ही बाजूला सारखीच लांब असती का?"

ती चरबी नव्हती. तो नर होता. एवढी वर्षं फळ्यावर मासे काढले, पण त्यात एकही नर नव्हता, कारण गुलाबी खडू छान दिसायचा. पोरांच्या किती पिढ्यांना मी असा समुद्र शिकवला होता ज्यात नुसत्या माद्याच फिरत होत्या, देव जाणे.

पण काम पुढं सरकलं. हिवाळ्यात माद्यांच्या पिशव्या सुतळीसारख्या बारीक होत्या. उन्हाळा चढला तशा त्या भरू लागल्या. मे संपत आला तेव्हा भिंगाखाली दाणे सुटे दिसायला लागले. आलेखाची रेघ वर चढत होती आणि शाइस्ता रोज विचारत होती, "सर, आता कवा?"

मग जून लागला आणि बंदी आली. पावसाळ्यात सरकार समुद्रातली मासेमारी दोन महिने थांबवतं. दर्या खवळलेला असतो आणि मासळीची विणही तेव्हाच असते. लालसाबभाई कोकण सोडून उजनी धरणातली चिलापी आणू लागले. तारली कुठून मिळणार? मी शाइस्ताला म्हटलं, "काळजी नको. ऑगस्ट लागला की बोटी सुटतील. मग बघू."

ऑगस्ट लागला. बोटी सुटल्या. पण जुलैतच श्रावण येऊन बसला होता, आणि त्या वर्षी तो अधिक होता. आधी एक महिना अधिक श्रावण, त्याच्या पाठीवर निज श्रावण. मी कॅलेंडर उलटंसुलटं करून पाहिलं. अर्धा सप्टेंबर होईपर्यंत श्रावण हटत नव्हता.

"काशम्मा, अधिकाचा पण धरायचा?"

"का? अधिक महिन्यात देव रजेवर असतो का?"

मी तिच्यापुढं विज्ञानाची बाजू मांडायला हवी होती. शाळेत मी अंधश्रद्धेवर तासन् तास बोललो आहे, त्याबद्दल शाल-नारळही मिळालेला आहे. पण ती भाषणं मी घराबाहेर केलेली होती. मी कॅलेंडर खिळ्याला परत अडकवलं.

ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी शाइस्ता धावत ओट्यावर आली. "सर, अब्बांनी तारली आणली. गाभोळी लई होती, पोट फुगून. अम्मीनं तळली."

"तोललीस का?"

"न्हाय सर. काटा तुमच्याकडं हाय की."

"मग ते निरीक्षण नाही," मी शांतपणे समजावलं. पोरांना समजावताना मी फार शांत असतो, हा माझा लौकिक आहे. "हे बघ बाळ, जे मोजलं नाही ते विज्ञान नाही. ते जेवण झालं."

तिनं मान हलवली. माझं वाक्य मलाच इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी मी ते सगळ्या पोरांना लिहून घ्यायला लावलं.

श्रावण संपला तर गौरी-गणपती आले. काशम्मा म्हणाली, आता गणपती उठू दे. ऑक्टोबरात गच्ची पुन्हा उघडली. तारल्यांच्या पिशव्या आता लोळागोळा झालेल्या, लालसर, सुरकुतलेल्या निघाल्या. मी निदान केलं: बर्फात प्रवास करून मऊ पडल्या. वजन अर्थातच कमी भरलं.

आलेखात मे महिन्यात एक उंच ठिपका आणि ऑक्टोबरात एक बुटका, आणि मध्ये मोकळं मैदान. मी पट्टी घेतली आणि दोन ठिपके तुटक रेघेनं जोडून दिले. रेघ उतरणीची होती. "वीण जून-जुलैत होते," मी सांगितलं. "बंदी उठली म्हणजे वीण उरकली. सरकार काय उगीच तारखा ठरवतं का?"

"पण सर, ऑगस्टची गाभोळी?"

"ते जेवण."

प्रदर्शनाच्या दिवशी मी इस्त्रीचा सदरा घालून गेलो. शाइस्ताचा तक्ता टेबलामागं लावलेला होता. जवळ गेलो तर माझी तुटक रेघ कुठंच दिसेना. तिच्यावर पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवली होती, आणि तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'जून-जुलै: सरकारची बंदी. ऑगस्ट-सप्टेंबर: काकूंची बंदी. म्हणून इथलं माहीत नाही.'

"अगं, हे काय? प्रदर्शनात 'माहीत नाही' असं लिहायचं नसतं."

"सर, तुमीच म्हणता की, छान प्रश्न आहे, आपण शोधू. शोधलंच न्हाय तर मी काय लिहू?"

तेवढ्यात परीक्षक आल्या. राजेश्वरी मॅडम. कोकणातल्या एका मत्स्य महाविद्यालयात शिकवणाऱ्या, खास या कामासाठी बोलावलेल्या. त्यांनी तक्ता वाचला आणि आधी ओठ दाबले, मग उघड हसल्या.

"सरकारची बंदी मला ठाऊक आहे. काकूंची कुठल्या कायद्यानं?"

"अधिक श्रावणाच्या," शाइस्ता म्हणाली.

"आणि ही पट्टी कशाला? खाली काहीतरी आहे."

"सरांची रेघ हाय. ती आमी बघितलेली न्हाय, नुसती काढलीय. म्हणून झाकली."

मॅडमनी पट्टीचं टोक उचलून रेघ पाहिली आणि माझ्याकडंही पाहिलं. मी भिंतीवरच्या दुसऱ्या प्रकल्पात मन रमवलं.

"ऑक्टोबरच्या पिशव्या कशा होत्या?" त्यांनी तिला विचारलं.

"मऊ. लाल. रिकाम्या थैलीसारख्या. सर म्हणाले, बर्फानं झालं."

"बर्फानं नाही. लग्न लागून गेल्यावर मांडव कसा दिसतो? तशी ती पिशवी असते. अंडी सोडून फार दिवस झालेले नाहीत. जुलैत सोडली असती तर ऑक्टोबरपर्यंत पिशवी आटून पुन्हा नीट झाली असती. मग कधी सोडली असतील?"

शाइस्तानं तक्त्यावरच्या पट्टीकडं बघितलं. मग हळूच म्हणाली, "ऑगस्टात आमच्या घरी गाभोळी निघाली होती मॅडम. पोट फुगून. पण ते मोजलं न्हाय. सर म्हणाले, मोजलं न्हाय ते विज्ञान न्हाय, ते जेवण."

आसपासच्या टेबलांवरची पोरंसुद्धा हसली. मॅडम हसल्या नाहीत. "सरांचं वाक्य बरोबर आहे," त्या म्हणाल्या, "पण जेवताना दिसलं म्हणून मोजायला धावायचं असतं. दिसलेलं टाकून द्यायचं नसतं. तारली सरकारी आदेश वाचत नाही. पाऊस कसा पडला, पाण्यात तिचं खाणं किती वाढलं, त्यावर ती ठरवते. एखाद्या वर्षी ऑगस्ट, सप्टेंबरसुद्धा."

पहिला नंबर एका रोबोटला गेला. तो हात जोडून 'नमस्कार' म्हणे आणि तिथंच अडकून बसे, पण नमस्कार स्वच्छ होता. शाइस्ताला उत्तेजनार्थ मिळालं. उत्तेजनार्थाला कोकणात नेत नाहीत.

ती रडली नाही. तक्ता गुंडाळत होती. मॅडम परत आल्या आणि तिच्याजवळ थांबल्या.

"अर्धवट आलेखाला मी नंबर देऊ शकत नाही. पण पट्टी लावलीस ते मला आवडलं. पुढच्या ऑगस्टचे आकडे मला पाठव. स्वतः तोललेले, खरे. पाठवलेस तर दिवाळीच्या सुट्टीत आमच्या प्रयोगशाळेत ये, समुद्र दाखवते."

म्हणजे शाइस्ताचा समुद्र आता एका महिन्यावर येऊन अडकला. आणि तो महिना काशम्माच्या ताब्यात होता.

तक्त्याचा फोटो कुणीतरी शाळेच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो फिरत फिरत अक्कलकोटला काशम्माच्या बहिणीकडं गेला आणि बहिणीकडून फोनवर घरी आला. मी पेपर तोंडापुढं धरून बसलो होतो.

"री. माझं नाव सरकारच्या शेजारी लिहिलंय म्हणे."

"पोरीनं लिहिलं. मी नाही."

"सरकारच्या खाली लिहिलंय का वर?"

"खाली."

"हं," ती म्हणाली आणि भाकरी थापायला बसली. त्या 'हं'चा अर्थ मला वर्षभर लागला नाही.

पुढच्या वर्षी श्रावण एकटाच होता, पण तो ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातच लागत होता. बंदी उठणार आणि लगोलग श्रावण. मी बायकोशी बोलायचं ठरवलं. रोज ठरवलं. चहाच्या वेळी मी पेपरातल्या समुद्राच्या बातम्या मोठ्यानं वाचून दाखवल्या. एकदा पावसाळी वारे या विषयावर बरंच बोललो. शेवटी शाइस्ताच एका संध्याकाळी ओट्यावर न बसता सरळ उंबऱ्यापर्यंत आली.

"काकू, ऑगस्टची तारली पाहिजे."

मी घाईनं मध्ये पडलो. "काशम्मा, मी काय म्हणतो, या खेपेला काटा यांच्याच घरी नेतो. आपल्याकडं काही आणायचंच नाही."

"मग मागल्या वर्षी का नाही नेला?"

मी काटा हलवायचा नसतो, असं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"म्हणजे आता माझ्यामुळं काटा घर सोडून चालला," काशम्मा म्हणाली. "ते पण लिहिशील का गं तक्त्यावर?"

"न्हाय काकू."

"लिहिशील. तू लिहितीस." तिनं पदराला हात पुसले. "मागल्या वर्षी मी श्रावण किती पाळले?"

"दोन," शाइस्ता म्हणाली.

"माणसानं वर्षाला किती पाळायचा असतो?"

"एक."

"मग एक माझा जास्तीचा जमा आहे. तो ह्या वर्षात वळता करा. गच्चीपुरता."

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण समोर कुणी चुकीचं गणित मांडलं की माझा हात आपोआप खडू शोधतो. "तसं नसतं काशम्मा," मी सुरुवात केली. "अधिक महिना हा चंद्राचं वर्ष आणि सूर्याचं वर्ष यांचा मेळ घालायला टाकतात. तो पुढच्या वर्षातून वजा..."

शाइस्तानं माझ्या पायावर पाय दिला. चांगला जोरात.

"मग पाळू का?" काशम्मानं विचारलं.

"नको," मी म्हटलं. "तुझं गणित बरोबर आहे."

लालसाबभाईंनी पहिल्या खेपेलाच तारल्या आणून दिल्या. शाइस्तानं त्यातली एक तोंड डावीकडं करून माझ्यापुढं ठेवली. आता मला दोन्हीकडून ओळखता येत होतं, पण मी काही बोललो नाही, तिला ती सवय लागली होती. तिनं पोट उघडलं. आतडं दिसलंच नाही. पोटभर पिवळसर दाणेदार गाभोळी, इतकी ठासून की बाकी सगळं एका कडेला दाबलं गेलेलं. काट्यावरचा आकडा मेच्या ठिपक्याला मागं टाकून पार वर गेला. माझी तुटक रेघ जिथून उतरत होती, तिथंच खरी रेघ डोंगरासारखी चढत होती.

"किती असतील गं?"

मागं वळून पाहिलं. काशम्मा बाहेरच्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती, पदर नाकाला लावून. गच्चीच्या प्रयोगशाळेत ती पहिल्यांदाच येत होती.

शाइस्तानं पिशवीचा चिमूटभर तुकडा तोलला, भिंगाखाली दाणे मोजले आणि अख्ख्या पिशवीचा हिशेब केला. "चाळीस हजाराच्या वर जातंय काकू."

"एकीच्या पोटात?"

"एकीच्या."

"आणि सांभाळतं कोण?"

"कोण बी न्हाय. पाण्यात सोडती अन् जाती. अंडी तरंगत राहतात. बाकीचे मासे खातात, लाट नेती. जी वाचतात ती वाचतात."

"म्हणून इतकी," काशम्मा म्हणाली.

हे वाक्य माझं होतं. धड्याच्या शेवटी मी ते म्हणणार होतो. तिनं वाकून ताटलीकडं आणखी एकदा बघितलं. मग पायरी उतरताना म्हणाली, "उद्या सोमवार आहे. उद्या नको."

महिनाभर सोमवार सोडून आम्ही तोललं. शाइस्तानं आकडे मॅडमना पाठवले, सोबत तक्त्याचा फोटो. पांढरी पट्टी तिनं अर्धीच काढली होती. जून-जुलै अजून झाकलेलं होतं, कारण ते खरंच माहीत नव्हतं. ऑगस्टखाली लिहिलं होतं: 'काकूंच्या परवानगीनं.' काशम्मानं ते चष्मा लावून वाचलं आणि या खेपेला बहिणीला स्वतः पाठवलं.

दिवाळीत मॅडमचं बोलावणं आलं. लालसाबभाईंनी शेवटचा प्रयत्न करून पाहिला. "सर, तितं नुसतं पानी हाय वो," पण त्याच वेळी ते टेम्पोच्या पुढच्या बाकड्यावर नवी गादी बांधत होते. क्लीनरला रजा दिली, शाइस्ता आणि तिची अम्मी शमशाद पुढं बसल्या. मलाही चला म्हणाले. मी पाठीचं कारण सांगितलं. खरं म्हणजे तिथं कुणी मासे दाखवून नावं विचारली असती, तर माझं काही खरं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी ओट्यावर पोरांना अपूर्णांक शिकवत होतो, तेव्हा फोन आला. पलीकडं नुसता आवाज येत होता, मोठा, थांबतच नव्हता. मला वाटलं टेम्पो सुरू आहे.

"सर, तो समुद्र हाय," शाइस्ता ओरडून सांगत होती. "हितं रापण ओढायलेत. सगळं गाव दोर ओढतंय किनाऱ्यावरनं, मॅडम बी ओढायल्यात. जाळ्यात तारली हाय सर, जित्ती. लई हाय. अन् एकीचं बी तोंड डावीकडं न्हाय. सगळ्या एकदम वळतात, मग परत एकदम वळतात."

पोरं खडू टाकून माझ्याभोवती गोळा झाली. काशम्मा उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

"किती असतील?" मी विचारलं. "अंदाज घेतलास का? जाळ्याची लांबी बघ, एका हातभर जागेत किती दिसतात ते..."

"न्हाय सर," ती म्हणाली. मागं लाट फुटली, मग तिचा आवाज परत आला. "आज मोजणार न्हाय. आज जेवण."